झाकलेली डालगी

"किती पिल्लं हायत तुमच्याकडं?"

एवढंच विचारलं होतं मी. लंकाबाई ओसरीवर कण्या पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि शेजारच्या डालग्यावर अर्धवट टाकलेलं पोतं नीट ओढून चारी बाजूंनी खोचून घेतलं. मग म्हणाली, "हायत की थोडी."

"थोडी म्हंजी किती?"

"आता काय सांगू. हायत थोडी."

पोत्याखालून नुसता चिवचिवाट चालला होता. थोडी म्हणण्यासारखा तो नक्कीच नव्हता. पण लंकाबाई पुन्हा सूप घेऊन पाखडायला लागली होती. बोलणं संपलंय हे कळायला मला तिच्या अंगणात जरा वेळ उभं राहावं लागलं.

पुढच्या घरात पिल्लं नव्हतीच म्हणे, आणि बाई हे सांगत असताना तिच्या पायांतून दोन पिल्लं पळाली. त्याच्या पुढच्या घरात सासूनं सुनेला विचारायला सांगितलं, सुनेनं सासूला. शेवटी मी ठकुआज्जीकडं गेले. वसाहतीत ती सगळ्यांत म्हातारी, आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी बाई जायची नाही. तिनं मला बसायला सांगितलं नाही, पण निदान उत्तर तरी दिलं.

"पिल्लं कुनी मोजत न्हाई, बाई. मोजली की दिष्ट लागती. मानूस आपली सोताचीबी मोजत न्हाई, आन् तू दुसऱ्याची मोजत फिरतीस? त्यात तू तर..."

ती थांबली. वाक्य पुरं करायची गरज नव्हती. मी चालायला लागले. रागानं कानशिलं तापली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही रागाचंच, असं मी स्वतःला सांगत होते.

वसाहतीत येऊन आम्हांला दुसरं वर्ष लागलं होतं. धरणाच्या पाण्याखाली आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी वाड्या गेल्या आणि इथं खाली, सपाटीवर, सगळ्यांची खिचडी करून वसवली. आमच्या वाडीतलं एकच घर इथं आलं, ते आमचं. नवरा बोअर मारायच्या गाडीवर होता. एकदा गाडी कर्नाटकात गेली की महिना महिना तोंड दिसायचं नाही. जुन्या वाडीत मी पुष्कळ काही होते. तोंडाची फटकळ होते, डोंगर चढण्यात पुरुषांना मागं टाकायचे, आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची तर सगळी वाडी मला बोलावून न्यायची. लग्नाला दहा वर्षं होऊन मूल नव्हतं, तेही होतंच, पण ते बाकीच्या दहा गोष्टींत मिसळलेलं होतं. इथल्या लोकांना माझी तेवढी एकच गोष्ट माहीत होती.

आदल्या उन्हाळ्यात वसाहतीत मानमोडी आली होती. पिल्लं माना टाकून, हिरवं हगून, दोन दिवसांत साफ झाली. मोठ्या कोंबड्याही गेल्या. माझी एक कवडी कोंबडी तेवढी तगली. जुन्या वाडीतून ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसून आलेली, माझ्यासारखीच हट्टी. यंदा शिमग्याच्या सुमाराला तिनं दहा-बारा पिल्लं काढली. घरात माझ्याखेरीज दुसरा आवाज झाला. सकाळी उठल्याबरोबर कुणीतरी ओरडत आपली वाट बघतंय, ह्याची सवय मला चार दिवसांतच लागली. ही पिल्लं मरू द्यायची नाहीत असं मी ठरवूनच टाकलं.

म्हणून मी गुरांच्या दवाखान्यात गेले होते. तिथले शिकलगार डॉक्टर तुटक बोलणारे, पण ऐकून घेणारे होते.

"मानमोडी झाल्यावर औषध नाही," ते म्हणाले. "व्हायच्या आधी लस. आठवड्याची पिल्लं झाली की डोळ्यात एक थेंब. बास."

"मग घाला की सायेब. आनते पिल्लं."

त्यांनी बर्फाच्या थर्मासमधून अंगठ्याएवढी बाटली काढून दाखवली. "ही शंभर पिल्लांची आहे. एकदा विरघळली की दोन तासांत संपवायची, नाहीतर फुकट. तुझ्या दहा-बारांसाठी फोडू? शंभर जमव, मी स्वतः येतो."

"जमवते," मी म्हणाले. शंभर पिल्लं जमवायची म्हणजे कुणाची किती ते विचारावं लागेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ठकुआज्जीनं असं तोडल्यावर मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. पण इकडं पिल्लं वाढत होती आणि ऊन चढत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारोदार गेले. ह्या खेपेला कुणाच्या अंगणात पाय टाकला नाही, रस्त्यावरूनच बोलले. "किती ते सांगू नगा. डालगं झाकून आना, मी बगनार न्हाई. सोमवारी सकाळी डॉक्टर माझ्या मांडवात येनार हायत. मागल्या साली काय झालं ते तुमाला ठावं हाय." वसाहतीत झाडं अजून गुडघ्याएवढी होती. सावली होती ती फक्त माझ्या दारातल्या उसाच्या पाल्याच्या मांडवाची, म्हणून माझं दार.

रविवारी दुपारी लंकाबाई आली. माझ्या उंबऱ्याशी आलेली ती वसाहतीतली पहिली बाई. मी घाईघाईनं घोंगडं अंथरलं, पण ती बसली नाही.

"बाया येत्यात उद्या," ती म्हणाली. "समद्या येत्यात. पर वैनी..."

"पर काय?"

"तुमी जरा आत बसा. दार लावून."

"माझ्याच घरात?"

"मी न्हाई म्हनत. आज्जी म्हनत्यात. न्हाईतर कुनी डालगं उघडायचं न्हाई." तिची मान खाली होती. वाईट बाई नव्हती ती, तेच जास्त लागलं.

तिला हाकलून द्यावं असं तोंडावर आलं होतं. पण त्या बायका आल्या नाहीत तर बाटली फुटणार नव्हती, आणि बाटली फुटली नाही तर माझ्या पिल्लांचं काय व्हायचं ते मी गेल्या साली बघितलं होतं.

"माझी पिल्लं पयली घ्यायची," मी म्हणाले.

"शेवटी घिऊ वैनी. तुमचं डालगं मधे आलं तर बाया बिचकतील. शेवटी मी हाक मारते तुमाला. देवाशपत."

सोमवारी मी आत बसले. डालगं मांडीजवळ घेतलं. कोंबडी आत कुरकुरत होती. दाराला फट होती, पण मी दाराकडं पाठ केली. एकेक बाई येत गेली. चपला वाजल्या, डालगी टेकली, पोती निघाली, आणि माझ्या अंगणात असा काही चिवचिवाट उठला की सगळं घर भरून गेलं. मग डॉक्टरांची फटफटी आली.

"ती बाई कुठाय? दवाखान्यात आलेली?"

"आत हाय. बरं न्हाई तिला," कुणीतरी म्हणालं.

मग काम सुरू झालं. "मान वर. डोळा उघडा धरा. थेंब पडल्यावर लगेच सोडू नका, मिटू दे पापणी." एक पिल्लू कुणाच्या तरी पदरात शिरलं, बायका खदखदून हसल्या. कुणीतरी कुणाच्या तरी नवऱ्यावरून चेष्टा केली, पुन्हा हसणं. जुन्या वाडीत लग्नाच्या आधी पापड लाटायला बसायचो, तेव्हा असं हसणं चालायचं. वसाहतीत आल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं, आणि आता माझ्याच दारात चाललं होतं, मधे एक फळी. मला फार वाटत होतं, एकदा त्या फटीतून बघावं. बघितलं नाही. बघितलं आणि नंतर त्यांतलं एखादं पिल्लू मेलंच, तर? खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्याच डोळ्यांची भीती वाटली. ठकुआज्जीचं एक वेळ सोडून देता आलं असतं. आपलंच मन तिच्या बाजूनं बोलायला लागलं, त्याचं काय करायचं?

आवाज हळूहळू कमी झाला. मी डालग्याची दोरी सोडून तयार राहिले. हाक आली नाही. फटफटी सुरू झाली, लांब गेली, तेव्हा मी उठून दार उघडलं.

अंगणात पिसं, कोंडा आणि लंकाबाई.

"बाटली संपली वैनी," ती म्हणाली. "लईच निघाली पिल्लं. कुनाला काय म्हाईत, मोजलीच कुनी न्हाईत."

 डालगं तिथंच ठेवून रस्त्यापर्यंत पळत गेले. फटफटीची धूळसुद्धा बसली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले, तर नवी बाटली पुढल्या महिन्याशिवाय येणार नाही म्हणाले. "तोवर दुसऱ्यांच्या कोंबड्यांत सोडू नकोस. बाजारातून नवी कोंबडी आणू नकोस. पाण्याचं भांडं रोज राखेनं घास," डॉक्टर म्हणाले. सगळं केलं. कुडाला कूड लावून वेगळं खुराडं केलं, खाली कोरडा भुसा, रोज बदललेला. लसूण ठेचून घातला, हळद घातली. कुणाचा पाहुणा आला तर त्याला माझ्या अंगणातून जाऊ दिलं नाही. आधीच कोण येत होतं म्हणा.

महिना भरायच्या आतच मानमोडी शेजारच्या गावातून आली आणि बरोबर माझ्या खुराड्यात शिरली. पहिलं पिल्लू सकाळी पंख सोडून, तोंड वासून बसलेलं. दुपारी त्याची मान मागं वळली आणि ते एका जागी गोल गोल फिरायला लागलं. मी त्याला चमच्यानं पाणी पाजलं, ते बाजूनं सांडलं. त्याला वेगळं काढलं, पण तोवर बाकीच्यांनी पंख सोडले होते. एकेक करून गेली. मी मागच्या बाजूला खोल खड्डा घेतला, चुना टाकला आणि पुरली. कवडी कोंबडीला काही झालं नाही. ती दाणा दिसला की पिल्लांना बोलावण्याचा तो आवाज काढायची, थांबायची, आणि मग दाणा तसाच ठेवून पुढं जायची. पुढं पुढं मी दाणा टाकायच्या वेळी आत जाऊन बसायला लागले.

पण त्या दिवसांत माझा जीव खरा अडकला होता तो दुसऱ्यांच्या पिल्लांत. त्यांतली थोडी जरी गेली असती तरी मला वसाहत सोडावी लागली असती. रोज कानोसा घ्यायची. नळावर कोण काय बोलतं, कुणाच्या उकिरड्यावर मेलेलं पिल्लू दिसतं का. दिसलं नाही. ज्यांच्या डोळ्यांत थेंब पडला होता, ती सगळी माना ताठ ठेवून उकिरडे उकरत होती. माझी पुरून आल्यावर मी दुसऱ्यांची बघून सुटकेचा श्वास टाकत होते. असलं सुख कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी सगळ्या बायका माझ्या दारात आल्या. पुढं ठकुआज्जी. हातात नारळ आणि हळदीकुंकवाची कोयरी, मागं लंकाबाईच्या हातात झाकलेली टोपली.  आज्जीनं मला कुंकू लावलं. वसाहतीत आल्यापासून माझ्या कपाळाला कुणी असं अंगठा दाबून कुंकू लावलं नव्हतं.

"लई सोसलंस पोरी," ती म्हणाली. "तुझी समदी गेली. म्हनून आमी समद्यांनी घरटी येक येक आनलंय. हे घे."

टोपलीत पिल्लं होती. कालपरवाची, काळी, पिवळी, तांबडी, एक अगदी राखेच्या रंगाचं. मी रडले. लपवलं नाही. चूल पेटवून चहा टाकला, कप पुरले नाहीत म्हणून वाट्यांतून दिला. बायका घोंगड्यावर बसल्या होत्या, माझ्या घरात, पाय पसरून. जुन्या वाडीच्या बायकांनी कुठून तरी हे बघावं असं मला वाटत होतं.

निघताना आज्जी उंबऱ्यात थांबली.

"फकस्त येक कर. डॉक्टर पुन्ना येनार हाय म्हनं. ह्यास्नी ते थेंब घालू नगंस."

"का?"

"रोगाला बसाया जागा लागती बाई. मागल्या टायमाला तुझ्या घरात बसला, आमच्याकडं आला न्हाई. तू अंगावर घेतलास, म्हनून आमची ऱ्हायली. आताबी घे. आमी पुन्ना देऊ की तुला पिल्लं, काय कमी हाय?"

अगदी मायेनं बोलत होती. बाकीच्या मान डोलावत होत्या. लंकाबाई तेवढी वाट्या गोळा करत होती. मी काहीच बोलले नाही, आणि त्या त्याला होकार समजून गेल्या. मी त्या वाट्या संध्याकाळपर्यंत तशाच ठेवल्या.

टोपलीतल्यांना आई नव्हती. कवडीखाली घालून बघितली, तिनं टोचून बाहेर काढली. मग मीच आई. थंडीचे दिवस, म्हणून टोपलीच्या मधोमध कंदील बारीक करून ठेवायची. पिल्लं कंदिलापासून लांब पळाली की वात कमी, एकमेकांवर चढून गठ्ठा झाली की वात मोठी. खालचा भुसा ओला झाला की बदलायचा, नाहीतर रक्ताची हगवण लागते. पाणी उथळ बशीत, मधे खडा ठेवून, बुडू नयेत म्हणून. आठवड्याभरात ती माझ्या पावलांमागं घरभर फिरायला लागली. राखेच्या रंगाचं होतं ते तर पायाच्या बोटांना टोचत बसायचं. ती मला ज्या कामासाठी मिळाली होती त्या कामाला मी त्यांना लावणार नव्हते. पण हे आधी बोलले असते तर कुणी डालगं घेऊन आलंच नसतं, हेही मला कळत होतं.

डॉक्टर आले त्या सकाळी मी न सांगताच आत जाऊन बसले. बायकांना ते आता रीतीचंच वाटत होतं. डालगी टेकली, पोती निघाली. मी कान लावून होते. डॉक्टरांनी थर्मास उघडला, बाटलीचं बूच काढलं, पाणी सोडून हलवली. विरघळलेली बाटली परत नेता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तेव्हा मी दार उघडलं आणि टोपली घेऊन बाहेर आले.

 झपाझप पोती डालग्यांवर पडायला लागली. मी कुणाकडं न बघता डॉक्टरांसमोर जाऊन उकिडवी बसले.

"मागच्या वेळी इथं दिसली नाहीस," डॉक्टर म्हणाले. "बरं नव्हतं म्हणे."

"बरी हुते. ही पयली घ्या."

"अगं, ती तर..." ठकुआज्जी पुढं आली. "ती त्यासाठी न्हाईत दिली तुला!"

"दिली न्हवं? मग माझी हायत," मी म्हणाले. आवाज माझा होता, पण असा फाटलेला मी पूर्वी ऐकला नव्हता. "माझ्या घरात रोग न्हाई बसनार. कुनाच्याच घरात न्हाई बसनार. बसवायचा आसंल तर ज्यानं त्यानं आपापल्या घरात बसवा."

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी हात पुढं केला. मी एकेक पिल्लू धरलं, दोन बोटांत मान घेऊन डोळा वर केला, थेंब पडला की पापणी मिटेपर्यंत थांबले आणि टोपलीत सोडलं. राखेच्या रंगाचं शेवटी. 

ठकुआज्जीनं आपलं डालगं उचललं आणि ती चालायला लागली. तिच्या मागं आणखी दोघी गेल्या. आज्जीची पिल्लं त्या वर्षी थेंबाशिवाय तशीच जगली, हे मला अजूनही खटकतं. बाकीच्या उभ्या होत्या. आज्जी गेली त्या वाटेकडं बघत, माझ्याकडं न बघत, पोत्यांवर हात दाबून.

"पुढचं कोण?" डॉक्टर बाटली हातात धरून म्हणाले. "ऊन वाढतंय. आणि पिल्लं धरायला कुणीतरी पाहिजे मला."

कुणी हललं नाही. मी उठायला पाहिजे होतं. टोपली घेऊन आत जायचं, दार लावायचं, म्हणजे त्या पुढं आल्या असत्या. मला ते कळत होतं, पण मी उठले नाही. गुडघ्यांना मुंग्या आल्या तरी तिथंच बसले, रिकामे हात पुढं धरून. आयुष्यात मी एवढा वेळ कशाचीच वाट बघितली नव्हती.

पोत्याची खसखस झाली. लंकाबाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं डालग्यात हात घातला आणि एक पिवळं, ओरडणारं, पाय झाडणारं पिल्लू काढून माझ्या तळहातांवर ठेवलं.

"घट धरा, वैनी," ती म्हणाली. "लई वळवळतंय."